नोविक, 1:200 : कामाची वही

9 जून 2024
शिवणीच्या फळ्या आल्या. सुतार म्हणाला, "काका, एवढ्याशा नावेला इतकं चांगलं लाकूड?" ही नाव नव्हे, विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीची युद्धनौका आहे, हे त्याला सांगत बसलो नाही.

मूळ जहाजाची लांबी 102.4 मीटर आणि रुंदी 9.5 मीटर. दोनशेने भागलं की 51.2 सें.मी. आणि पावणेपाच सें.मी. थोडक्यात, पडवळ. गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी नोकरी दुसऱ्यांच्या जहाजांच्या रेषा ओढण्यात गेली, पण इतका सडपातळ हल, म्हणजे जहाजाचं धड, कधी टेबलावर आला नव्हता. निवृत्तीनंतरचं हे चौथं मॉडेल. आधीची तिन्ही आपल्याकडच्या जहाजांची होती. ही रशियन आहे, आणि तिच्यामागे पडण्याचं कारण म्हणजे तिची चार धुराडी. इतकंच.

16 जून
सहा थर कापले, आतून पोखरले, एकावर एक चिकटवून शिकंज्यात धरले. फेव्हिकॉल पावसाळी हवेत सुकायला दुप्पट वेळ घेतो. दोन दिवस हात लावायचा नाही.

तोवर वाचन. 1904 मध्ये जपानशी युद्ध लागल्यावर रशियात लोकांनी आरमारासाठी वर्गणी काढली आणि त्या पैशांतून विनाशिका बांधल्या. नोविक त्याच वर्गणीची. पीटर्सबर्गच्या पुतिलोव कारखान्यात बांधली, 1911 मध्ये पाण्यात सोडली. टर्बाइनवर चालणारी आणि कोळसा अजिबात न जाळता फक्त तेलावर पळणारी ही रशियाची पहिली विनाशिका. 'नोविक' म्हणजे चाकरीत नुकता दाखल झालेला नवशिका तरुण. याच नावाची एक क्रूझर आधी चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळावर होती, ती 1904 मध्ये सखालीन बेटाजवळ बुडाली.

23 जून
हल घासून झाला. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. नाळेकडची धार फार पातळ झाली होती, पुट्टी भरून परत आणली.

टर्बाइन आणि बॉयलर जर्मनीतले, श्टेटिनच्या वुल्कान कारखान्याचे. करारात 36 नॉट लिहिलेले, चाचणीत ते मिळेनात. मग जहाज परत श्टेटिनला नेऊन कारखान्याने स्वतःच्या खर्चाने बॉयलर सुधारून दिले. 1913 मध्ये 37.3 नॉट मिळाले, म्हणजे ताशी जवळजवळ 69 किलोमीटर. त्या वेळी जगात एवढी वेगवान विनाशिका दुसरी नव्हती. आमच्या काळात चाचणीत अर्धा नॉट कमी पडला की कागदी घोडे वर्षभर धावायचे, त्याची आठवण झाली.

6 जुलै
मंडळाचा निरोप आला. गणपतीत मॉडेल मंडपाशेजारच्या खोलीत ठेवायचं आहे, पण "काका, सोबत माहितीची पट्टी हवी, चार ओळींची." जहाजाच्या चार ओळी सोप्या आहेत. पण मला सजवायचं आहे 1915 च्या ऑगस्टमधलं जहाज, मग ब्रिजवर, कॅप्टनच्या जागी, कोण उभा होता तेही लिहायला हवं. उभा होता मिखाइल आंद्रेयेविच बेरेन्स.

जन्म 1879, जॉर्जियातल्या कुतैसीचा. त्याचा थोरला भाऊ येवगेनी दोनेक वर्षांनी मोठा, जन्म तिफ्लिसचा. दोघंही आरमारात. जपानशी युद्ध लागलं तेव्हा थोरला 'वर्याग' क्रूझरवर नॅव्हिगेटर होता. कोरियातल्या चेमुल्पो बंदराबाहेर वर्याग एका अख्ख्या जपानी तुकडीला सामोरी गेली आणि परत येऊन खलाशांनी ती स्वतःच बुडवली, ती गोष्ट रशियात पोरंसोरं गाण्यातून म्हणतात. धाकटा पोर्ट आर्थरच्या वेढ्यात, 'सेवास्तोपोल' या युद्धनौकेवर. बंदर पडायच्या रात्री 'बोइकी' या छोट्या विनाशिकेवरून तो चीनमधल्या, तेव्हा जर्मनांच्या ताब्यातल्या, चिंगदाओ बंदराला निसटला.

7 जुलै
कोपऱ्यावरच्या दुकानातून पट्टीसाठी फोटो छापून आणला, फ्रेमही करून घेतली. संध्याकाळी भाचीने रशियन मजकूर फोनवर भाषांतरित करून वाचला तर तो थोरल्या भावाचा निघाला. फ्रेमचे 180 रुपये गेले. दोघांचा चेहरामोहरा इतका सारखा आहे की यापुढे गणवेश बघूनही मी पैज लावणार नाही.

21 जुलै
तोफा. 102 मिलिमीटरच्या चार. नळीची लांबी सहा मीटरच्या वर, म्हणजे मॉडेलवर तीन सें.मी. आणि टोकाला जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. पितळी तार वाकते, प्लास्टिक त्याहून वाकतं. शेवटी औषधाच्या दुकानातून 21 नंबरच्या इंजेक्शनच्या सुया आणल्या. आतून पोकळ, बाहेरून गोल, टोक कानशीने सपाट केलं की झाली तोफ. दुकानदाराने काळजीने विचारलं, "शुगर वाढली का?"

टॉर्पेडोच्या नळ्या जोडीजोडीने, चार जागी. डेकवर सुरुंग सोडायचे रूळ. पहिल्या महायुद्धात बाल्टिक समुद्रात रशियन विनाशिकांचं निम्मं काम सुरुंग पेरण्याचंच होतं. रात्री दिवे विझवून शत्रूच्या वाटेवर जायचं, साठेक सुरुंग ओतायचे, उजाडायच्या आत परत. त्यात मिरवण्यासारखं दिसत काही नाही, पण रूळ लावताना मी त्यांना सगळ्यात जास्त वेळ दिला.

17 ऑगस्ट
आजचीच तारीख. आधी वहीत दोन लढाया लिहिल्या होत्या, एक 4 ऑगस्टची, एक 17 ची. एकच आहे. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालू होतं, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. पहिली खोडली.

1915. जर्मन रीगाच्या आखातात घुसू पाहत होते आणि 'स्लावा' ही म्हातारी रशियन युद्धनौका त्यांच्या वाटेत उभी होती. तिला रात्री गाठून टॉर्पेडो मारायला इर्बेनच्या सामुद्रधुनीतून दोन नव्याकोऱ्या जर्मन विनाशिका आत सोडल्या, व्ही-99 आणि व्ही-100. स्लावा काही सापडली नाही. पहाटे परत जाताना समोर नोविक. बेरेन्सने आठेक किलोमीटरवरून तोफा सुरू केल्या. दोघींविरुद्ध एक, पण नेम नोविकचा लागत होता. व्ही-99 ला आग लागली, पळता पळता ती सुरुंगांवर गेली आणि किनाऱ्याजवळ संपली. व्ही-100 मार खाऊन निसटली. नोविकला म्हणण्यासारखं काही झालं नाही. बेरेन्सला सेंट जॉर्जचा चौथ्या वर्गाचा सन्मान मिळाला.

आता गंमत बघा. जर्मन विनाशिकांच्या नावातलं अक्षर त्यांचा कारखाना सांगतं. 'व्ही' म्हणजे वुल्कान, श्टेटिन. नोविकला 37 नॉट देणाऱ्यांनीच तिच्यावर सोडलेली दोन जहाजं बांधली होती.

25 ऑगस्ट
रंग. पावसात लॅकर मारलं की पांढुरकी झाक धरतं, माहीत असूनही मारलं. पुन्हा घासलं. स्वयंपाकघरात टेबल फॅन लावून दुसरा हात दिला तेव्हा जमलं. घरातून याबद्दल जे ऐकलं ते वहीत नको.

नावाची अक्षरं एका ओळखीच्या मुलाने संगणकावर करून, चिकटपट्टीवर छापून दिली. लावायच्या आत लक्षात आलं की एक अक्षर कमी आहे. क्रांतीआधीच्या रशियन लिपीत व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर लिहीत. त्याला उच्चार नाही, पण जागा आहे. बोल्शेविकांनी 1918 मध्ये ते शेवटून काढून टाकलं. परदेशात पळालेले रशियन मात्र पुढे कित्येक वर्षं ते हट्टाने लिहीत राहिले. 1915 च्या नोविकवर ते असलंच पाहिजे. मुलगा म्हणाला, "काका, अर्ध्या मिलिमीटरचं अक्षर कोण बघणार?" पुन्हा छापून घेतलं.

7 सप्टेंबर
गणपती बसले. मॉडेल काचेत. पट्टीवर चार ओळी: जहाज, वेग, लढाई, कॅप्टन. फोटो या वेळी योग्य भावाचा.

11 सप्टेंबर
बहुतेक जण विचारतात किती दिवस लागले आणि किती खर्च आला. आज आठवीतल्या एका मुलीने पट्टी पूर्ण वाचली आणि विचारलं, "मग हे कॅप्टन पुढे काय झाले?" मी म्हटलं, ॲडमिरल झाले. "मग?" मग देश सोडावा लागला. "का, जिंकले होते ना?"

मला पुढचं तुटक माहीत होतं. तिला म्हटलं, विसर्जनानंतर सांगतो.

22 सप्टेंबर
मॉडेल घरी आलं, कपाटावर बसलं. काम संपलं होतं, वही बंद करायची होती. पण त्या मुलीला शब्द दिला आहे.

1917 ची क्रांती. थोरला बेरेन्स बोल्शेविकांच्या नव्या सरकारकडे राहिला आणि 1919 मध्ये त्यांच्या लाल आरमाराचा प्रमुख झाला. धाकटा फिनलंडमार्गे निसटून सायबेरियात ॲडमिरल कोल्चाककडे, म्हणजे बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या 'गोऱ्या' सैन्याकडे गेला. तिथे रिअर ॲडमिरल झाला, व्लादिवोस्तोकला पोचला. कोल्चाकचा डाव मोडला तेव्हा 1920 च्या जानेवारीत 'ओर्योल' या जहाजावरून जपान. तिथून अर्ध्या जगाला वळसा घालून क्रिमिया, कारण रशियाचा तेवढाच तुकडा अजून गोऱ्या सैन्याच्या हातात होता. तो पोचतो न पोचतो तोच तो तुकडाही जायची वेळ आली.

नोव्हेंबर 1920. जनरल व्रांगेलचं गोरं सैन्य आणि त्यांच्यामागे आलेली माणसं, दीड लाखाच्या घरात, 126 जहाजांतून क्रिमिया सोडून कॉन्स्टँटिनोपलकडे निघाली. चालणारी, ओढत न्यायची, दुरुस्तीत अर्धवट पडलेली, सगळी जहाजं. 'झिवोय' नावाची विनाशिका वाटेत वादळात माणसांसकट बुडाली. बाकी जवळजवळ सगळे पोचले. यात शौर्यापेक्षा मला हिशेब दिसतो: कोळसा किती, पाणी किती, कुणाला कोण ओढणार. ज्याने गोदीत काम केलं आहे त्याला कळेल.

6 ऑक्टोबर
फ्रान्सने जहाजं ठेवून घेतली, जामीन म्हणून, आणि ठिकाण दिलं ट्युनिशियातलं बिझर्ट. 1920 च्या डिसेंबरपासून पुढचे दोनेक महिने एकेक जहाज तिथे येत गेलं. एकूण 33, आणि सहाएक हजार माणसं. आल्या आल्या पिवळा झेंडा, क्वारंटाइन. स्क्वाड्रनचा, म्हणजे या ताफ्याचा, प्रमुख ॲडमिरल केद्रोव लवकरच पॅरिसला निघून गेला. मागे राहिला बेरेन्स.

यादी नकाशाच्या कागदावर उतरवून काढली. त्यात रात्रीचे दोन वाजले.

'अल्माझ': 1905 मध्ये जपान्यांनी रशियाचं आरमार बुडवलं त्या त्सुशिमाच्या लढाईतून व्लादिवोस्तोकला पोचलेली एकमेव क्रूझर. 'जनरल कोर्निलोव': आधीचं नाव 'ओचाकोव', 1905 मध्ये हिच्यावरच लेफ्टनंट श्मिटने बंडाचा झेंडा लावला होता. 'जनरल अलेक्सेयेव': बारा इंची बारा तोफांची युद्धनौका. बांधताना तिचं नाव 'सम्राट अलेक्सांद्र तिसरा', क्रांतीत 'वोल्या' म्हणजे स्वातंत्र्य, गोऱ्यांकडे आल्यावर जनरलचं. एका जहाजाला तीन बारशी. 'क्रोन्श्टाट' म्हणजे तरंगता दुरुस्ती कारखाना, लेथ, भट्ट्या सगळं असलेला. फ्रेंचांनी तो पहिल्यांदा ताब्यात घेतला, हे मला लगेच पटलं. त्यांनी त्याचं नाव 'व्युल्कँ' ठेवलं, म्हणजे फ्रेंच तोंडातलं वुल्कान. हे नाव माझा पिच्छा सोडत नाही.

'गिओर्गी पोबेदोनोसेत्स', म्हणजे विजयी सेंट जॉर्ज, ही 1892 सालची जुनी युद्धनौका. तिच्यावर कुटुंबं ठेवली. केबिनीत पार्टिशनं, डेकवर वाळत घातलेले कपडे, मुलांची शाळा. खलाशी तिला 'बाबानोसेत्स' म्हणत, म्हणजे बायका वाहणारी. आपल्याकडच्या चाळीलाही असलंच काही नाव पडलं असतं.

किनाऱ्यावर जेबेल केबीरच्या किल्ल्यात आरमारी शाळा. प्रमुख व्हाइस ॲडमिरल गेरासिमोव. देश नाही, जहाजं हलत नाहीत, आणि पोरांना नॅव्हिगेशन, खगोल, गणित शिकवलं जातंय. 1925 पर्यंत ती चालली. 'उत्का' पाणबुडीचा कॅप्टन मोनास्तिर्योव याने तर आरमारी मासिक काढलं. 1921 ते 1923, सव्वीस अंक, गाव बिझर्ट.

आणि मग ज्याने मला झोपू दिलं नाही ते. यादीत सहा विनाशिका अशा होत्या: बेस्पोकोयनी, ग्नेवनी, देर्झकी, पोस्पेश्नी, पिल्की, त्सेरिगो. काळ्या समुद्रासाठी बांधलेल्या या सहाही नोविकच्याच घराण्यातल्या. तिच्या नकाशावरून सुधारून काढलेल्या धाकट्या बहिणी. नोविक स्वतः बाल्टिकमध्ये लाल आरमाराकडे राहिली, आणि तिचा कॅप्टन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिच्या सहा बहिणींवर गंज चढताना बघत बसला.

बसला म्हणणं बरोबर नाही. माणसं कमी करा असा फ्रेंचांचा तगादा, पैसे नाहीत, काही जहाजं विकली जातात, तरुण माणसं शेतात आणि रस्त्याच्या कामावर निघून जातात. उरलेल्यांचा पगार, रेशन, शिस्त, शाळा, आजारपण. रोज सकाळी झेंडा वर, संध्याकाळी खाली. जवळजवळ चार वर्षं. नोविकची लढाई पाव तासात आटोपली होती, तिला मी पट्टीवर एक अख्खी ओळ दिली होती.

29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी
दिवे लावून झाल्यावर पतंगाच्या पांढऱ्या कागदाचा झेंडा केला. आडवा-तिरपा निळा क्रॉस, सेंट अँड्र्यूचा. बोटाच्या नखाएवढा. सप्टेंबरमध्ये मॉडेलवर लावलेला रंग सुटून चुरगळला होता, म्हणून नवा.

1924 च्या ऑक्टोबरात फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. त्या क्षणी बिझर्टमधलं स्क्वाड्रन कुणाचंच राहिलं नाही. शंभर वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी, 29 तारखेला, फ्रेंच ॲडमिरल एक्सेलमान्स 'देर्झकी'वर आला, उरलेल्या अधिकाऱ्या-खलाशांना निर्णय सांगितला. संध्याकाळी 5 वाजून 25 मिनिटांनी सगळ्या जहाजांवरचे झेंडे उतरले. एरवीही त्या सुमाराला ते उतरवायचेच असत.

मी 5.25 ला झेंडा हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्यांनी फटाक्यांची माळ लावली.

3 नोव्हेंबर, भाऊबीज
ताईकडे जाऊन आलो. परत येताना लोकलमध्ये बेरेन्स बंधूंचं पुढचं प्रकरण वाचलं.

डिसेंबर 1924. जहाजं परत घेण्यासारखी आहेत का, हे पाहायला मॉस्कोहून तज्ज्ञांचं पथक बिझर्टला आलं. त्यात गणिती आणि जहाजविद्येतला मोठा माणूस क्रिलोव होता. बरोबर आरमाराचा प्रतिनिधी, येवगेनी बेरेन्स. जी जहाजं धाकट्याने सांभाळली तीच मोजायला थोरला. भेट झाली नाही. म्हणतात की मिखाइल त्या दिवसांत बिझर्ट सोडून ट्युनिसला निघून गेला, भावाला अडचण नको म्हणून. लाल सरकारच्या अधिकाऱ्याने पळपुट्या गोऱ्या ॲडमिरलला भेटणं महागात पडलं असतं. येवगेनी 1928 मध्ये मॉस्कोत वारला.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "रागाने नसेल गेला कशावरून?" असेलही. पण तेवीस वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसलेल्या माणसाला टाळायचे किती प्रकार असतात ते मी ऑफिसात पाहिलं आहे. राग आलेला माणूस जागेवरच बसून राहतो.

जहाजं परत गेलीच नाहीत. झारच्या काळातल्या कर्जावरून घोडं अडलं आणि फ्रेंचांनी ती एकेक करून भंगारात काढली. 'जनरल अलेक्सेयेव' 1936 मध्ये तोडली, पण तिच्या तोफा राहिल्या. 1940 मध्ये फ्रान्सने त्या फिनलंडला पाठवल्या. आठ पोचल्या. चार नॉर्वेत जर्मनांच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्या इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर बसवल्या.

नोविकचं नाव 1926 मध्ये 'याकोव स्वेर्दलोव' झालं. 28 ऑगस्ट 1941 ला टॅलिनमधून माघार घेताना सुरुंगावर जाऊन बुडाली. सुरुंगांचे रूळ मी सगळ्यात सावकाश लावले होते, असं वर लिहिलं आहे.

10 नोव्हेंबर
ती मुलगी आईबरोबर आली, चकल्या घेऊन. सगळं सांगितलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली: ॲडमिरल नंतर कमावत काय होते? चामड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून बायकांच्या पर्स शिवत होते. ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "हाताने?" दुसरी: परत गेले का? नाही. 20 जानेवारी 1943 ला ट्युनिसजवळ मेग्रीनला वारले. ट्युनिशिया तेव्हा जर्मन-इटालियन सैन्याच्या ताब्यात होता. 2001 मध्ये अवशेष ट्युनिसच्या बोर्जेल दफनभूमीत हलवले.

बिझर्टला मागे राहिलेल्यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटी अलेक्सांद्र नेव्स्कीचं छोटं चर्च बांधलं, जहाजांचं स्मारक म्हणून. 'झार्की' विनाशिकेच्या कॅप्टनची मुलगी अनास्तासिया शिरिन्स्काया आठ वर्षांची असताना तिथे आली, गणिताची शिक्षिका झाली. दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व न घेता निर्वासितांच्या नान्सेन पासपोर्टवर ती 1997 पर्यंत राहिली, मग रशियन नागरिक झाली. 2009 मध्ये बिझर्टलाच वारली, 97 वर्षांची.

मुलीने जाताना मॉडेलकडे बोट दाखवलं. "पण हे तर ते जहाज नाही ना, ज्यावर ते चार वर्षं होते?"

17 नोव्हेंबर
'देर्झकी'. 98 मीटर, म्हणजे 49 सें.मी. तीन धुराडी, तोफाही तीन, टॉर्पेडोच्या जोड्या मात्र पाच. शिवणीच्या उरलेल्या फळीत बसतंय, सुताराकडे जायला नको. सुया अजून सात आहेत.

अडचण रंगाची. लढणारं जहाज रंगवता येतं, पण चार वर्षं एका जागी उभं असलेलं कसं रंगवायचं? पाणरेषेजवळ शेवाळ कुठवर, नांगराच्या साखळीखालून गंजाचा ओघळ कसा उतरतो? सकाळी खाडीवर जाऊन बांधून ठेवलेल्या जुन्या बार्जेसचे तीसेक फोटो काढले. वॉचमनने हटकलं. त्याला सगळं सांगितलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

आणायचं: रेड ऑक्साइड अर्धा लिटर, 1 मि.मी. प्लास्टिक शीट, पतंगाचा कागद.